वसंत येतो आणि जातो, बाग बघायची राहूनच जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे: घराला लागून लहानशी बाग आहे, काही झाडं जमिनीत, बरीचशी कुंड्यांत. वसंत जवळ आला की छाटणी, माती बदलणं, खतं, रोपं, कीड यातच सगळे मोकळे दिवस संपतात. मान वर करून बघावं तर बहर ओसरलेला असतो आणि ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. या ऋतूची मजा घेता येईल अशी बाग कशी करावी, त्यासाठी नवीन कोणती झाडं आणावीत?

झाडं आणू नका, निदान यंदा तरी. तुमच्या वर्णनावरून बागेत झाडांची उणीव दिसत नाही. अडचण वेगळीच आहे. तुम्ही वसंताला एकच एक गोष्ट समजून त्याची कामं एका दमात उरकायला बघता. वसंत हा मुळात सरकता ऋतू आहे. सुरुवातीला आणि शेवटी बाग इतकी वेगळी असते की एकाच महिन्यात दोन बागा बघितल्यासारखं वाटावं. कामंही त्याच क्रमानं येतात, आणि यादीतली निम्मी कामं वसंतात करायची नसतातच. ती वगळली की बघायला आपोआप वेळ मिळतो.

आधी तारखांचं बघू. 'अमुक महिन्यात छाटणी, तमुक महिन्यात पेरणी' अशी तक्ते सगळीकडे मिळतात. ते कुठल्या तरी गावच्या हवामानावर बेतलेले असतात, तुमच्या नव्हे. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ साली एक ठोकताळा मांडला होता: समशीतोष्ण प्रदेशात उत्तरेकडे एक अंश अक्षांश सरकलं की वसंताची तीच खूण साधारण चार दिवस उशिरा दिसते, आणि सुमारे ४०० फूट उंच गेलं तरी तेवढाच उशीर होतो. आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण मुद्दा पक्का आहे. एकाच गावात उंचावरची बाग आणि खोलगट जागेतली बाग यांचा वसंत वेगळा असतो. फार कशाला, एकाच घराच्या तापणाऱ्या भिंतीलगतचा गुलाब आणि मागच्या बाजूचा गुलाब एकाच दिवशी फुटत नाहीत. म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि झाडाकडे बघा. फांदीवरचे डोळे, म्हणजे फुटायच्या बेतातले कोंब, फुगले का, साल ताजी दिसते का, जुनी पानं सुटायला लागली का, यावर काम ठरवा.

याची जोड म्हणून एक साधी वही करा. इंग्लंडमध्ये नॉरफकला रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारानं १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिली फुलं कधी, कुठल्या झाडाला पालवी कधी, बेडूक कधी ओरडला, पाकोळ्या कधी आल्या. त्याच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालू ठेवलं, आणि आज हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्यांना त्या नोंदी उपयोगी पडतात. तुम्हाला इतकं करायचं नाही. एक ओळ पुरे: 'आज मोगऱ्याला पहिली कळी.' 'आज लिंबाच्या नव्या पानावर फुलपाखरानं अंडं घातलं.' ओळ लिहायची म्हटलं की बघावंच लागतं, हा तिचा खरा फायदा. दुसऱ्या वर्षी ती वही तुम्हाला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगेल.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: ऊन. २०-२१ मार्चच्या आसपास दिवसाची लांबी आणि सूर्याची उंची वर्षात सगळ्यात वेगानं बदलत असते. भरदुपारचा सूर्य रोज सुमारे ०.४ अंशानं वर चढतो, म्हणजे महिन्याभरात जवळपास १२ अंश. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत हिवाळाभर जे ऊन खोलवर येत होतं, ते वसंतात हळूहळू कठड्याकडे मागे सरतं. उलट ज्या उत्तरेच्या कडेला महिनोन्महिने ऊन दिसलं नव्हतं, तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपे किरण पोचायला लागतात. कुंडी तीच, जागा तीच, पण तिच्या वाटणीचं ऊन बदललेलं असतं. 'हिवाळ्यात छान होतं, आता अचानक रुसलंय' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. आठवड्यातून एकदा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठवर येतं ते बघा, जमिनीवर खडूनं रेघ मारा आणि त्या हिशेबानं कुंड्या हलवा. मला विचाराल तर वसंतात कुंड्या हलवणं हे खत घालण्यापेक्षा मोठं काम आहे. कुंडीतल्या बागेची ही एक चैन आहे, ती जमिनीतल्या झाडांना मिळत नाही.

दुसरी घाबरवणारी गोष्ट पानगळ. उष्ण हवामानात वाढणारी अनेक सदाहरित झाडं आपली जुनी पानं वसंताच्या तोंडाशी टाकतात, आणि नवी पालवी त्याच्या पाठोपाठ किंवा बरोबरच येते. नवशिका माळी पिवळी पानं बघतो, पाणी वाढवतो, खत ओततो, आणि धडधाकट झाडाची मुळं कुजवतो. फरक ओळखायला सोपा आहे. खालची, आतली, जुनी पानं पिवळी पडून हलक्या धक्क्यानं गळत असतील आणि शेंड्याचे डोळे टणक, तजेलदार असतील तर झाड कात टाकतंय, त्याला एकटं सोडा. शेंड्याकडची कोवळी पानंच पिवळी पडत असतील, फांदी मऊ झाली असेल, तर मात्र मुळाशी बघा. गळलेली पानं झाडून फेकू नका. तीच कुंडीत आणि आळ्यात पसरायची आहेत, त्याबद्दल पुढे.

पालवी. वसंत बघायचा तर मी फुलांच्या आधी इथे थांबते. गुलाबाची एक फांदी निवडा आणि तिच्यावरचा एकच डोळा रोज बघा. आधी तो बाजरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, फांदीला चिकटलेला असतो. मग तांबूस होऊन फुगतो. मग त्याचं टोक उकलतं आणि आतून घडी घातलेली लालसर-जांभळी पानं बाहेर पडतात, इतकी चकचकीत की ओली वाटावीत. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्याचं यंत्र अजून पुरतं बसलेलं नसतं, तोवर कडक उन्हापासून ते त्याचं रक्षण करतं असं मानतात. पान जून होत जातं तसा लाल उतरतो आणि हिरवा चढतो. हे सगळं ऊबदार दिवसांत फार झपाट्यानं घडतं. चार दिवस बागेत गेला नाहीत तर तो डोळा एकदम हिरवी फांदी होऊन भेटतो आणि मधली गंमत हुकते.

छाटणीचा गोंधळ इथेच होतो, म्हणून नीट सांगते. काही झाडं नव्या फुटीवर फुलतात: गुलाबाच्या वारंवार फुलणाऱ्या जाती, जास्वंद, मोगरा, बोगनवेल. यांची छाटणी डोळे फुगायच्या आधी किंवा फुगता-फुगता करायची. गुलाबाची काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्याकडून पलीकडे उतरती. दुसऱ्या गटातली झाडं मागच्या हंगामातल्या फांद्यांवर फुलतात, त्यांच्या कळ्या आधीच तयार होऊन बसलेल्या असतात: अझेलिया, मोठ्या गोंड्यांचं नेहमीचं हायड्रेंजिया, वर्षातून एकदाच फुलणारे वेली गुलाब. यांना वसंताच्या सुरुवातीला कात्री लावली की वर्षाचा बहर कापून टाकला म्हणून समजा. यांची छाटणी फुलं संपल्यावर. झाड कुठल्या गटातलं हे माहीत नसेल तर यंदा कापूच नका. फुलं कुठल्या फांदीवर येतात ते बघा, उत्तर मिळेल. न कापल्यामुळे एका हंगामात झाड मरत नाही.

कुंडी बदलायचं कामही सरसकट करू नका. पाणी घातलं की क्षणात खालून निघून जातं, खालच्या भोकातून मुळं डोकावतात, वाढ थांबलेली आहे, अशाच कुंड्या निवडा. डोळे फुगत असताना बदला, कळ्या लागल्यावर नको. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटं मोठी, एकदम टबात नेऊन ठेवू नका. खत पालवी दिसल्यावर, आणि हात राखून. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मूठ-दोन मुठी वरच्या मातीत मिसळलं की पुरतं. नत्र जास्त झालं की पानं दणदणीत, फुलं तुरळक, आणि मावा हमखास.

माव्याचं तुम्ही वैतागून विचारलं आहे: कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे, दर वर्षी, कितीही फवारलं तरी. हे ऋतूचंच अंग आहे. वसंतात माव्याच्या माद्या नराशिवायच प्रजा वाढवतात, अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची तयारी जन्मापासूनच सुरू असते. ऊबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत पिल्लू स्वतः प्रजा द्यायला लागतं. हिशेब करा, फवारणीनं शंभर टक्के कधीच मरत नाहीत, उरलेले पुन्हा तेवढे होतात. पण त्यांना खाणारे मात्र त्या फवाऱ्यात मरतात, आणि त्यांची वाढ इतकी वेगवान नसते. म्हणून दर वर्षी तुम्ही मागे पडता.

भिंग असेल तर घेऊन बसा, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. शेंड्यावर माव्याच्या गर्दीत काळसर-करडी, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी अळी फिरताना दिसेल. लोक ती कीड समजून चिरडतात. ती लेडीबर्डची, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या ढालकिड्याची अळी, आणि तिचा मुख्य आहार मावा. तिची अंडी पानामागे पिवळ्या उभ्या पुंजक्यात असतात. जवळच काही मावे फुगून तांबूस-सोनेरी, कागदासारखे कोरडे झालेले दिसतील, एखाद्याच्या पाठीवर अगदी गोल भोक. त्या माव्यात एका बारीक गांधीलमाशीनं अंडं घातलं होतं, तिचं पिल्लू आतून मावा खाऊन त्या भोकातून उडून गेलं. असे कोरडे मावे दिसले तर औषधाची बाटली आत ठेवून द्या, काम सुरू झालेलं आहे.

तोवर काय करायचं? सकाळी झारीनं नव्हे, पाइपच्या जोरदार धारेनं शेंडे धुवा. खाली पडलेले बहुतेक मावे परत चढत नाहीत. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर ती तोडा, कारण माव्याच्या गोड चिकट विष्ठेसाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. अगदीच हाताबाहेर गेलं तर निमतेलाचा फवारा, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, संध्याकाळी, उमललेली फुलं टाळून. धुण्याच्या पावडरचं पाणी मारायचा सल्ला फार फिरतो. कोवळ्या पानांना त्यानं डाग पडतात, तो ऐकू नका.

माव्यावर एवढं लिहिलं कारण वसंतातला बघण्यासारखा सगळ्यात मोठा खेळ तोच आहे. दुसरा खेळ फुलांवर. टोमॅटो किंवा वांगं लावलं असेल तर सकाळी ऊन चढताना तिथे उभे राहा. मोठा काळा भुंगा आला की फूल घट्ट धरतो आणि त्याच्या आवाजाचा सूर एकदम बदलतो, उडतानाच्या घुर्रपेक्षा वरचा. या फुलांचे परागकोश लांबट नळ्यांसारखे, टोकाला बारीक छिद्र असलेले. पराग आत अडकलेले असतात. भुंगा उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवतो आणि पराग छिद्रातून झडून त्याच्या पोटावर पडतात. मधमाशीला हे जमत नाही. तुमच्या गच्चीवर भुंगे येत नसतील आणि टोमॅटोची फुलं गळत असतील तर फुलाच्या देठाला दुपारच्या आत बोटानं हलक्या टिचक्या मारा, किंवा चालू असलेला विजेचा टूथब्रश देठाला टेकवा. हसू येईल, पण फळ धरतं.

मजा घ्यायची तर वेळ निवडा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५१ मध्ये फुलांच्या उमलण्या-मिटण्यावरून वेळ सांगणाऱ्या बागेची कल्पना मांडली होती. घड्याळ म्हणून ती कधी धड चालली नाही, कारण ढग आले की सगळं वेळापत्रक कोलमडतं. पण तुमच्या बागेचंही एक वेळापत्रक आहेच. मॉर्निंग ग्लोरी पहाटे उघडते आणि ऊन तापलं की मावळते. चिनी गुलाब ऊन आल्याशिवाय डोळा उघडत नाही, म्हणून तर त्याला ऑफिस टाइम म्हणतात. जास्वंदाचं फूल सहसा एकच दिवसाचं. गुलबक्षी दुपार कलल्यावर, मोगरा आणि जुई संध्याकाळी. तुम्ही घरी कधी असता? सकाळी आठला बाहेर पडून अंधार पडता-पडता परतणाऱ्या माणसानं चिनी गुलाबाच्या दहा कुंड्या भरून ठेवल्या तर त्याला सदा मिटलेल्या कळ्याच दिसणार. अशा घरात बसायच्या खुर्चीजवळ पांढरी, संध्याकाळी उमलणारी, वासाची झाडं हवीत. अंधारात रंग विझतात, पांढरं दिसत राहतं. त्यातल्या बऱ्याच फुलांचा वास रात्री फिरणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी असतो, म्हणून तो दिवेलागणीनंतर वाढतो. तुमच्या गेटजवळची मधुमालती बघा. संध्याकाळी पांढरी उघडते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग म्हणजे तीन वेगवेगळ्या संध्याकाळची फुलं.

आणि खुर्ची ठेवाच. बागेत बसायला जागा नसेल तर माणूस बागेत फक्त वाकलेला असतो. हातात खुरपं न घेता जायचं, दहा मिनिटं, शक्य तर रोज त्याच वेळी. काही खटकलं तर वहीत लिहा, तिथल्या तिथे उपटत बसू नका.

ऋतूचा शेवटचा भाग लोकांना दुःखाचा वाटतो, कारण बहर संपतो. थोडी तजवीज केली तर तो लांबतो. झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल यांचं बी एकदम न टाकता दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा टाका. वाळलेली फुलं बी धरायच्या आत खुडा. झाड बी करायला लागलं की फुलांवरून त्याचं लक्ष उडतं. सगळीच मात्र खुडू नका, काही पक्ष्यांसाठी राहू द्या. सूर्यफूल लावलंत तर एक बघा: कोवळी डोकी दिवसभर सूर्यामागे वळतात, पण पूर्ण उमललेलं फूल वळणं थांबवून पूर्वेला तोंड करून राहतं. सकाळी लवकर तापल्यामुळे त्याच्याकडे परागीकरण करणारे कीटक जास्त येतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून बी पेरताना तुमची खिडकी त्या रांगेच्या पूर्वेला येईल असं बघा, नाहीतर हंगामभर फुलांच्या पाठी बघाल.

ऊन वाढलं की पाणी सवयीनं नको. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर भरपूर द्या, ओलं लागलं तर परत या. भरदुपारी माना टाकलेली झाडं संध्याकाळी आपोआप सावरत असतील तर ती तहानलेली नाहीत, उन्हापासून अंग चोरत होती. सकाळी सुद्धा मान खाली असेल तर पाणी. आता ती साठवलेली पानं काढा आणि पाच-सात सेंटिमीटरचं आच्छादन करा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. जिथे हिवाळा कडक असतो तिथे माती पुरती उबल्यावरच हे करा, नाहीतर थंडी आतच कोंडली जाते. अशाच ठिकाणी घरात वाढवलेली रोपं एकदम उघड्यावर नेऊ नयेत. आठवडा-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर, मग लावणी, तीही संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी.

राहिला नवीन झाडांचा प्रश्न. वहीत पूर्ण वसंत उतरला की त्यात एखादा आठवडा कोरा दिसेल, जेव्हा बागेत काहीच उमललेलं नव्हतं. त्या आठवड्यात फुलणारं एक झाड शोधा, एकच. रोपवाटिकेत फुलांनी लगडलेलं रोप उचलू नका, कळ्या असलेलं घ्या, कारण फुललेल्याचा बहर तुम्ही घरी पोचेपर्यंत उतरणीला लागतो. पिशवीच्या तळाशी मुळं गच्च गुंडाळलेली असतील तर ते रोप परत ठेवा. घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका, आठवडाभर सावलीच्या कडेला असू द्या आणि तोवर खडूच्या रेघांवरून त्याची जागा ठरवा.